उन्हातली बैठक

ग्वाल्हेरच्या थंडीत रात्री पाहुणे बोलावणं मला कधी पटलं नाही. जानेवारीत दिवेलागणीलाच आमच्या लश्कर भागातल्या गल्ल्यांत शेकोट्या पेटतात. वयस्क मंडळी सातनंतर उंबरा ओलांडायला तयार नसतात, आणि आलीच तर मफलरमधून त्यांचं अर्धं लक्ष परतीच्या रिक्षाकडे असतं. पानात पडेपर्यंत पोळीची वाफ गेलेली असते. आणि घरातल्या बायका सगळा वेळ ओट्यापाशी. बाहेरच्या खोलीत गप्पा रंगतात, हसण्याचा आवाज आत येतो, कशावर हसले ते मात्र दुसऱ्या दिवशी कळतं.

म्हणून यंदा संक्रांतीनंतरच्या एका रविवारी, रथसप्तमीच्या आत, आम्ही घरी गाण्याची बैठक केली ती भर दिवसा, गच्चीवर, उन्हात. दोन अटी मी आधीच घालून घेतल्या. ऊन आहे तोवर सगळं आटपायचं, ही पहिली. दुसरी अशी, की गाणं सुरू असताना स्वयंपाकघरात कोणीही नसेल. मी नाही, जाऊबाई नाहीत, कामाला येणाऱ्या मावशीही नाहीत. सगळ्यांनी गाणं ऐकायचं. पुढचे सगळे निर्णय, काय शिजवायचं, कशात वाढायचं, कोणी कुठे बसायचं, या दुसऱ्या अटीनं घेतले. पाहुणचार देखणा करायचा तर आधी यजमान पाहुण्यांमध्ये बसलेला दिसला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. फुलं, पडदे, भांडी हे त्याच्या नंतर.

दिवसा बसण्याचा आणखी एक लोभ होता. बहुतेक मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे कानावर येतात ते यमन, बिहाग, बागेश्री. बिलावल, तोडी, सारंग हे राग आपण रेकॉर्डवरच ऐकतो. इथल्या वार्षिक तानसेन समारोहात सकाळच्या सभा असतात म्हणून बरं. त्या समारोहाचं शंभरावं वर्ष 2024 साली झालं, आणि त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला. पण असा मान कागदावर राहू नये असं वाटत असेल तर घराघरांत गाणं झालं पाहिजे. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी याच शहरात घडली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, त्यांच्याकडून ती विष्णु दिगंबर पलुस्करांकडे गेली. माधवराव शिंद्यांच्या काळात, 1918 साली, भातखंड्यांच्या देखरेखीखाली इथं संगीताचं महाविद्यालय सुरू झालं. आणि आमच्या लश्करातल्या मराठी घरांत पाहुणे आले की टीव्ही चालू! मला ते फार लागतं.

गाण्यासाठी आमच्या ओळखीतल्या एक ताई तयार झाल्या. शहरातच शिकवतात, ग्वाल्हेर गायकी शिकलेल्या आहेत. त्यांनी माइक नको म्हणून सांगितलं आणि जेवण गाण्यानंतर हवं म्हणाल्या. त्यांचं आणि तबलावाल्या दादांचं मानधन मी आदल्या दिवशीच पाकिटात घालून ठेवलं. घरची ओळख आहे म्हणून कलावंतानं फुकट गावं, ही सवय आपण सोडलीच पाहिजे. त्यांना तिळगुळासोबत पाकीट द्यायचं, आणि सगळ्यांसमोर नाही.

आमंत्रण मी पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर हातानं लिहिलं आणि त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. मजकूर एवढाच: "आमच्या गच्चीवर ऊन अकराला येतं. तुम्ही साडेदहाला या. शाल सोबत असू द्या, फुलं-मिठाई नको. चारपर्यंत घरी पोहोचाल." शेवटच्या वाक्यानं काम केलं. एरवी 'बघते हं, गुडघे कसे आहेत त्यावर' म्हणणाऱ्या तीन-चार काकूंचे त्याच दिवशी होकार आले.

गच्चीची मांडणी ठरवायला आम्ही आदल्या रविवारी त्याच वेळेला वर जाऊन उभे राहिलो. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. आमच्या गच्चीवर उत्तरेला जिन्याची खोली आहे. तिच्या भिंतीला पाठ करून गायिका बसली की भिंतीवरून आवाज पुढे येतो, आणि पंचवीस-तीस माणसांना माइक लागत नाही. श्रोते तिच्याकडे तोंड करून बसले की त्यांच्या पाठीवर ऊन येतं आणि डोळ्यांत जात नाही. थंडीत पाठीला ऊन मिळालं की माणूस आपोआप सैलावतो, दोन तास हलत नाही.

पण गाणाऱ्यांना मात्र सावली हवी. तबलावाल्या दादांनी ते नीट समजावलं. उन्हात चामडं सुकतं, ताणतं आणि तबला चढतो. तंबोऱ्याच्या तारा तापल्या की सैल पडतात आणि तंबोरा उतरतो. म्हणजे दोन्ही वाद्यं एकमेकांपासून उलट्या दिशेला निघतात, आणि गाणारीला मधे उभं राहून दोघांना सांभाळावं लागतं. तेव्हा चार बांबू रोवून त्यांच्यावर मांडव घातला. वरून जाड सुती चादर, आणि तिच्या खाली सासूबाईंच्या दोन जुन्या चंदेरी साड्या. त्या पदराजवळ विरल्या होत्या, नेसण्याजोग्या राहिल्या नव्हत्या, आणि टाकून द्यायला कोणाचं मन होत नव्हतं. चंदेरी गाव आमच्याच राज्यातलं, तिथलं कापड इतकं झिरझिरीत असतं की चादरीतून गाळून आलेला उजेड त्यातून आणखी मऊ होऊन खाली येतो. एक मोरपिशी, एक फिकट पिवळी. विकतच्या झालरींपेक्षा ते शंभर पटींनी चांगलं दिसलं.

खाली बसायला गालिचे. ग्वाल्हेरच्या हातानं विणलेल्या गालिच्यांना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेला एक आहे, दुसरा नणंदेच्या घरून आणला, बाकी टेंटवाल्याच्या गाद्या, पांढऱ्या चादरी आणि लोड. पहाटे गच्ची दवानं ओली होते, म्हणून रात्री काही अंथरून ठेवायचं नाही. सकाळी फरशी पुसायची, खाली तिरपाल, वर सतरंजी आणि मगच गालिचा. खुर्च्याही मांडल्या, पण मागच्या रांगेत नाही. खाली बसता न येणाऱ्यांना मागे ढकललं की ते बैठकीच्या बाहेर पडतात. आम्ही खुर्च्या दोन्ही कडांना, पहिल्या लोडाच्या बरोबरीनं लावल्या.

आता खाण्याचं. जयविलास पॅलेस 1874 साली जयाजीरावांनी बांधला. तिथल्या भोजनगृहातली चांदीची आगगाडी ग्वाल्हेरच्या प्रत्येक मुलानं शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. जेवणाच्या लांब टेबलावर रूळ, डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं, त्यांत मद्याच्या सुरया. गाडी फिरत फिरत प्रत्येक पाहुण्यासमोर जाते, त्यानं सुरई उचलली की थांबते, परत ठेवली की चालू लागते. लहानपणी मला त्यात खेळणं दिसायचं. आता घर चालवते तेव्हा त्यातली सोय दिसते: कोणाला उठावं लागत नाही, कोणाला मागावं लागत नाही. चांदी आमच्याकडे नाही आणि रूळही नाहीत, पण ओळीनं बसलेली माणसं आहेत. तेव्हा प्रत्येक रांगेला एक पितळी परात ठरवली. एका टोकाला ठेवायची, प्रत्येकानं आपलं घ्यायचं आणि शेजाऱ्याकडे सरकवायची. मांडून ठेवलेल्या टेबलापुढे ताट धरून रांग लावणं मला मुळीच आवडत नाही. पाहुण्याला त्याच्याच माणसांत बसून खाऊ द्यावं.

पदार्थ असे निवडले की जे आधी होतील, गार झाले तरी चांगले लागतील, किंवा स्वतःच गरम राहतील. बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची रस्सेदार भाजी हा ग्वाल्हेरचा लाडका सकाळचा नाश्ता, पण बेढई कढईतून थेट पानात पडली तरच खरी. म्हणजे कोणीतरी कढईपाशी उभं राहणार. ती यादीतून गेली. आल्याआल्या देण्यासाठी टोमॅटोचं सार केलं. तीन किलो टोमॅटो, दोन नारळांचं दूध, तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी, चवीला गूळ, एकूण सहा-सात लिटर झालं. टेंटवाल्याकडून चहाचे दोन मोठे थर्मास घेतले, त्यांत भरलं, वाढलं कुल्हडांत. कुल्हड आदल्या रात्री पाण्यात बुडवून, निथळवून ठेवायचे, म्हणजे माती सार पिऊन टाकत नाही आणि धूळही राहत नाही.

मटार या दिवसांत इकडे इतका गोड येतो की सोलता सोलताच निम्मा संपतो. त्याच्या करंज्या पहाटे तळल्या. पारीत रवा आणि कडकडीत तुपाचं मोहन, सारणात ओलं खोबरं, आलं, हिरवी मिरची. तळून झाल्यावर डब्यात बंद करायच्या नाहीत, कागदावर पसरून ठेवायच्या, तर दुपारपर्यंत खुसखुशीत राहतात. गुळाच्या पोळ्या सासूबाईंच्या देखरेखीखाली आधीच करून ठेवल्या होत्या. त्यांचा नियम मोडायची कोणाची हिंमत नाही: चिकीचा गूळ वापरायचा नाही, तीळ आणि खसखस वेगवेगळी भाजायची, बेसन तेलावर खमंग होईपर्यंत परतायचं, आणि पोळी कडेपर्यंत भरलेली हवी. "कडेला नुसती कणीक राहिली तर ती पोळी पाहुण्याला द्यायची नाही," असं त्या म्हणतात आणि तशा पोळ्या खरंच बाजूला काढतात.

मुख्य जेवणाला मसालेभात, कारण त्याला गरम ठेवायची जुनी युक्ती मला माहीत होती. तीस माणसांना अडीच किलो तांदूळ पुरला. जानेवारीत इथे तोंडली धड मिळत नाहीत, तेव्हा फ्लॉवर, मटार आणि छोटे बटाटे. भात कणी राखून उतरवला, झाकणाखाली स्वच्छ पंचा घातला म्हणजे वाफेचं पाणी भातावर ठिबकत नाही. मग पातेलं गोणपाटात गुंडाळलं, मोठ्या टोपलीत ठेवलं, भोवती गोधड्या ठासल्या. भरलेलं जाड बुडाचं पातेलं असं ठेवलं की तासन्तास गरम राहतं आणि राखलेली कणी आतल्या आत शिजते. आईच्या माहेरी लग्नाच्या पंगतीला असंच करत. सोबत गाजराची कोशिंबीर, मठ्ठा आणि भाजलेले पापड.

गजक हवीच होती. मुरैना इथून चाळीसेक किलोमीटर, तिथली गजक म्हणजे गुळाचा पाक ओढून ओढून फिका करतात, मग तिळाबरोबर कुटून पापुद्रे काढतात. पण ती चावताना कडकड वाजते. विलंबित ख्याल चालू असताना तीस दाढांचा आवाज नको, म्हणून नियम केला की गाणं सुरू असताना परात फिरणार नाही, दोन रागांच्या मधेच फिरेल. हरभरे, बोरं, उसाच्या गंडेऱ्या आणि गाजराचे तुकडे यांचंही तसंच. संक्रांतीच्या सुगडात हेच घालतो आपण. कुंभाराकडून लहान मडकी करून घेतली, प्रत्येकासाठी एक, आणि त्यांत हे सगळं भरलं. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटायचं मी कधीच बंद केलंय. चंदेरीच्या कातरणांचे बटवे शिवून त्यांत तीळ आणि काटेरी हलवा घातला, तो माझ्या लेकीनं आणि पुतणीनं केला.

फुलांसाठी फुलवाल्याकडे गेले नाही. या दिवसांत शहराबाहेर पडलं की मुरैना-भिंडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना सरसोंची शेतं पिवळी धमक असतात. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं संध्याकाळी चार मोठ्या जुड्या कापून दिल्या. रात्रभर बादलीत पाण्यात बुडवून ठेवल्या आणि सकाळी तांब्याच्या घंगाळात आणि लोट्यांमध्ये लावल्या. मात्र वर बैठकीजवळ नाही, खाली दारात आणि जिन्याच्या वळणांवर. सरसोंवर मधमाश्या येतात. उन्हात बसलेल्या माणसांमध्ये ती फुलं ठेवली असती तर गाण्यापेक्षा माश्यांकडेच लक्ष गेलं असतं. जिन्यावर मात्र शोभा अशी आली की लोक चढता चढता थांबत होते.

एक गोष्ट मला या सगळ्याहून महत्त्वाची होती. सासरे गेल्यापासून सासूबाई हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन बसतात. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नाही, त्यांनी जे लहानपणापासून पाहिलं तेच त्या करतात. बायका येतात, त्यांना खोलीत जाऊन भेटतात, नमस्कार करतात, आणि त्या खोलीतून हसतमुखानं सगळ्यांची विचारपूस करतात. मला ते दरवर्षी सलतं. या वेळी मी हळदीकुंकवाऐवजी अत्तर-गुलाबाचा बेत केला. बैठकीची ती जुनीच रीत आहे आणि त्यात सवाष्ण, विधवा, कुमारिका, पुरुष असा भेद नाही. कनौजचं शमामा अत्तर आणलं. उन्हाळ्यात खस लावतात तसं थंडीत शमामा किंवा हिना, त्यांचा वास उबदार असतो. अत्तर लावायचं काम आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, जिन्याच्या वरच्या पायरीपाशी, सगळ्यांच्या आधी.

"अगं, मी कशाला पुढे?" त्या म्हणाल्या.

"घर तुमचं आहे आई. पाहुण्यांना दारात तुम्हीच भेटणार."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग ती हिरवी शाल काढ. आणि कापसाचे बोळे लहान कर, इतके मोठे बोळे अत्तर खातात."

रविवारी सकाळी धुकं. किल्ला दिसत नव्हता, समोरच्या घराची पाण्याची टाकीही दिसत नव्हती. साडेदहाला माणसं यायला लागली तेव्हा वर नुसता पांढरा गारठा. धुकं उशिरा उठेल याचा अंदाज होताच, म्हणून खालच्या माजघरात चटया घालून ठेवल्या होत्या. सार तिथेच दिलं. दोन्ही हातांनी कुल्हड धरून सगळे उभ्यानंच पीत होते, गारठ्यात सार किती छान लागतं याचं ज्याच्या त्याच्या तोंडी कौतुक. वेळ घालवायला उखाण्यांची टूम निघाली. पुरुषांनाही सोडलं नाही. फालका बाजारातल्या आमच्या एका आत्याबाईंनी जागच्या जागी जुळवलं:

"किल्ल्यावर धुकं, बाड्यावर ऊन,
रावांचं नाव घेते शिंद्यांच्या गावची सून."

शेजारचे हिंदीभाषक काका अर्थ विचारून घेत होते, मग त्यांनीही पत्नीच्या नावानं एक दोहा म्हटला. काकू लाजून लाल झाल्या. मला वाटतं, धुक्यानं आमचं भलं केलं. एकमेकांना न ओळखणारी माणसं वर जाईपर्यंत ओळखीची झाली होती.

साडेअकराच्या सुमाराला पुतण्या वरून ओरडला, "सावली पडली!" म्हणजे ऊन आलं. आई शाल सावरून आधी वर गेल्या. एकेकाच्या मनगटाच्या मागे अत्तर लावताना त्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होत्या, ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांना माहेर विचारत होत्या. मुलांकडे गुलाबदाण्या दिल्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या दोन, चांदीचा मुलामा उडालेल्या. मुलांना हातात जबाबदारीचं काम दिलं की ती पायात येत नाहीत. पुढचे तीन तास ती आपली पाळी कधी येते याचीच वाट बघत होती.

तबला मिळवायला बराच वेळ लागला. धुक्यानं तो पार उतरला होता. दादांनी हातोडीनं गट्टे ठोकत ठोकत चढवला, थोडं ऊन दाखवलं, परत सावलीत घेतला. लोक हे सगळं मन लावून बघत होते. सभागृहात पडद्यामागे होणारी गोष्ट घरी डोळ्यांसमोर होते, त्याची मजा वेगळी. ताईंनी अल्हैया बिलावल सुरू केला, विलंबित तिलवाडा तालात. पाठीवर नुकतं आलेलं ऊन आणि समोर बिलावलाचा तो स्वच्छ, उघडा निषाद-धैवत. मी लोडाला टेकून बसले होते, पहिल्या रांगेत, जाऊबाईंच्या शेजारी. इतक्या वर्षांत आपल्याच घरच्या कार्यक्रमात आम्ही दोघी शेजारी बसून काही ऐकलं नव्हतं. बिलावलातला तराणा संपला तेव्हा जाऊबाईंनी माझा हात दाबला आणि सोडलाच नाही.

परात फिरली, गजक कडकडली, विड्यांचं तबक पुढे गेलं. मध्यान्हीला गौड सारंग. त्यानंतर टप्पा, ग्वाल्हेरवाल्यांचा खास. इतक्या बारीक, तुटक, वळणावळणाच्या ताना की मुलं तोंड उघडी ठेवून बघत राहिली. फर्माईश म्हणून एक नाट्यगीत झालं, आणि भैरवीनं ताईंनी समारोप केला. मोबाइलवर चित्रण करण्याचं काम एका भाच्याकडे दिलेलं होतं, बाकी सगळ्यांनी फोन खिशात ठेवावेत अशी सुरुवातीलाच विनंती केली होती आणि सगळ्यांनी ती मानली.

दोन वाजून गेले होते. टोपलीतलं पातेलं वर आणून गोधड्या सोडल्या, झाकण उचललं आणि वाफेचा लोट आला. एका काकांनी टाळ्या वाजवल्या. भात मोकळा, कणी शिजलेली, काजूचा रंगही टिकलेला. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. प्रत्येक रांगेच्या टोकाला भाताचं छोटं पातेलं, करंज्यांची परात, कोशिंबिरीचा वाडगा ठेवला. इथे मात्र नियम थोडा वेगळा: आपण आपल्याला वाढून घ्यायचं नाही, शेजाऱ्याला वाढायचं आणि पातेलं पुढे द्यायचं. सुरुवातीला थोडे संकोचले, मग "अहो, एवढंच?", "तूप घाला ना यांना", "माझ्याकडून एक करंजी" असा आग्रह सुरू झाला. आग्रह करणं हे यजमानीणबाईचंच काम आहे असं आपण धरून चालतो. तीसजण एकमेकांना आग्रह करू लागले तेव्हा मला स्वस्थ जेवता आलं. ताई आणि तबलावाले दादा मधोमध बसले होते आणि त्यांच्या पानात सर्वांत जास्त पडत होतं.

मी आईंना गुळाची पोळी वाढायला गेले तर त्या म्हणाल्या, "मला त्या बाजूला बसलेल्या ताईंनी दोनदा वाढली, मी नाही म्हटलं तरी." त्या ताई म्हणजे आमच्या कॉलनीत नव्यानेच आलेल्या, नागपूरच्या, इथं कोणी नात्याचं नसलेल्या. पुढच्या आठवड्यात त्या आईंकडून गुळाच्या पोळीचं सारण शिकायला आल्या.

साडेतीनला ऊन उतरायला लागलं आणि शाली बाहेर आल्या. चारच्या आत सगळी मंडळी बटवे आणि मडकी घेऊन निघाली. धुवायला फक्त परात-पातेली, पत्रावळी जवळच्या गोशाळेत गेल्या, सरसों दुसऱ्या दिवशीच गळून गेली. चंदेरी साड्या उन्हानं किंचित फिकट झाल्या, पण त्यांना आता हेच काम देणार आहे.

आई स्वतःच म्हणाल्या, चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला तसंच करू. तेव्हा दिवस तापलेला असेल, गच्ची रात्री आठनंतरच पायाला सोसेल, म्हणजे बैठक रात्रीची आणि राग तिन्हीसांजेनंतरचे. कैरीची डाळ आणि पन्हं ही दोन्ही आधी करून ठेवता येतात, स्वयंपाकघर बंद ठेवायला अडचण नाही. ताईंना विचारलंय, त्या केदार गाऊ म्हणाल्या. पन्ह्यासाठी कुंभाराला यावेळी उंच कुल्हड सांगायचेत, आणि कनौजहून खसाचं अत्तर मागवायचं आहे. ते आई लावतील.